अर्ध्या वाक्यावर संपणारा सिनेमा

शेवटच्या सीनमध्ये हिरो आपली गोष्ट सांगत असतो आणि वाक्य मध्येच तुटतं. तुम्हाला वाटतं, नेट गेलं. पण नेट चालू असतं, सिनेमाच संपलेला असतो!

हा आहे इटालियन दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीचा १९६९ चा ‘फेलिनी सॅटिरिकॉन’. बघून सगळं डोक्यावरून गेलं, तर स्वतःला ‘ढ’ समजू नका. त्यामागे एक भन्नाट कारण आहे.

सिनेमा ज्यावर बेतलाय ते पेट्रोनियसचं पुस्तक पहिल्या शतकातलं, सम्राट नीरोच्या काळातलं मानलं जातं. त्याची काही तुटक पानंच आज आपल्या हाती उरली आहेत. दुसऱ्या कुणी मधल्या जागा स्वतःच्या कल्पनेने बुजवून गोष्ट सरळ केली असती. फेलिनीने त्या जागा तशाच ठेवल्या. त्यामुळे एन्कोल्पियस हा तरुण आत्ता रोममधल्या चाळवजा इमारतीत असतो, ती भूकंपात कोसळते आणि पुढच्या क्षणी तो भलतीकडेच उभा असतो. मधे काय झालं? पान हरवलंय!

या तुकड्यांमधला सगळ्यात जबरदस्त तुकडा म्हणजे त्रिमाल्कियोची मेजवानी. हा एकेकाळचा गुलाम, आता गडगंज श्रीमंत. अख्खं डुक्कर ताटात येतं, पोट फाडलं की आतून सॉसेजेस बाहेर पडतात. पाहुणे वाहवा करतात. मग यजमान कविता ऐकवतो. पुन्हा वाहवा. युमोल्पस नावाचा गरीब कवी तेवढा ओरडतो, की या ओळी ल्युक्रेशियसच्या आहेत, तू चोरल्यास! मालकाचा हुकूम सुटतो : टाका याला भट्टीत. कवी मार खाऊन कसाबसा वाचतो. पाहुणे? ते जेवत राहतात. पुढे त्रिमाल्कियो जिवंतपणीच स्वतःच्या अंत्यविधीची तालीम करतो, तेव्हा रडायलाही हीच मंडळी हजर!

रोमचा ऱ्हास म्हटलं की आपल्याला दारू आणि नंगानाच आठवतो. तोही इथे भरपूर आहे, त्यामुळे घरच्यांसोबत बसून बघायचा हा सिनेमा नाही. पण खरी सडकी गोष्ट आहे ती वाहवा. खोटं समोर दिसतंय, पण ताट भरलेलं आहे म्हणून कुणी बोलत नाही. अशी पंगत तुमच्या ओळखीची नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल?

शेवटी ती सगळी माणसं एका पडक्या भिंतीवरची चित्रं होऊन जातात. रंग उडालेली, भेगा पडलेली. त्यात यजमान कोण, पाहुणा कोण, याने काहीच फरक पडत नाही.

तेव्हा एखाद्या रात्री मोबाइल लांब ठेवा आणि हा सिनेमा लावा. गोष्ट शोधू नका. फक्त चेहरे बघा, भडक रंग बघा, नीनो रोटाचं विचित्र संगीत ऐका. आणि मेजवानीचा सीन आला की स्वतःलाच विचारा : आपण तिथे असतो, तर ओरडलो असतो की जेवत राहिलो असतो?