बाटलीत बसून घाट कोण चढतं?

ओळख पाहू! जोयड्याच्या एका दुकानात शीतपेयाची 1 लिटरची बाटली ठेवलीय. जंगल ओलांडून, वळणावळणाच्या रस्त्याने ती इथवर पोचलीय. एवढ्या लांबून त्या बाटलीत बसून कोण आलं असेल?

पाणी!

हो, अगदी खरं! त्या लिटरभर पेयात साधारण 900 ग्रॅम तर पाणीच असतं. शंभरेक ग्रॅम साखर. म्हणजे जवळजवळ 20 चमचे, बापरे! रंग, वास आणि आंबटपणा यांचं वजन त्यापुढे अगदीच चिमूटभर.

आता खरी गंमत ऐक. जोयडा हा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला तालुका. जिल्ह्याला समुद्र आहे, पण जोयड्याला नाही. इथे नुसते डोंगर आणि दाट रान. काळी नदी याच तालुक्यात, दिग्गी गावाजवळ उगम पावते. पाऊस तर असा धो धो कोसळतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं! सुप्याला या नदीवर 101 मीटर उंच धरण बांधलंय. त्या धरणाच्या पाण्यात जुनं सुपा गावच बुडून गेलं.

इतक्या पाण्याच्या मुलखात आणखी पाणी येतं, तेही ट्रकमधून!

वाट काही सोपी नाही हं. कारवारहून यायचं तर अणशी घाट चढायचा. नाहीतर रामनगरकडून किंवा दांडेलीकडून यायचं. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद!

आगगाडीचीही तीच तऱ्हा. याच तालुक्यात कॅसलरॉक नावाचं स्टेशन आहे. गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग 1888 साली इथे पोचला. घाटात त्याचा चढ किती ठाऊक आहे? 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर! वाचायला थोडा वाटतो ना? आगगाडीसाठी तो छातीत धडकी भरवणारा आहे. आणि 1961 साली गोवा मुक्त होईपर्यंत इथे चक्क सरहद्द होती. पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य! गाडीतलं सामान उघडून जकात अधिकारी तपासायचे.

मग एवढं जड पाणी उगाच कशाला वाहून न्यायचं? शीतपेयवाल्यांनी यावर मोठी नामी युक्ती काढली. कंपनी दूरदेशी फक्त अर्क पाठवते. पाणी आणि साखर तिकडच्या कारखान्यात घालतात. आपल्या शेजारच्या नेपाळलाही समुद्र नाही. पण काठमांडूत बाटल्या भरण्याचा कारखाना आहे. अर्क बाहेरचा, पाणी तिथलंच!

पण अर्कच आला नाही तर? असंही एकदा झालं! दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कोका-कोलाचा अर्क मिळेनासा झाला. कारखाना होता, बाटल्या होत्या, पाणी होतं, आणि अर्क नाही! मग तिथल्या लोकांनी हाताशी असेल ते घेतलं. चीज करताना उरणारं पाणी आणि सफरचंदाचा चोथा. त्यातून नवंच पेय तयार झालं. तेच फँटा! तेव्हा त्यात संत्र्याची चव नव्हती बरं का.

अरे हो, बुडबुडे राहिलेच की! ते असतात कार्बन डायऑक्साइड वायूचे. लिटरभर पेयात हा वायू किती कोंबलेला असतो, सांग बरं? तीन ते चार लिटर! वजन मात्र जेमतेम 6-7 ग्रॅम. वर्गात दाटीवाटीने बसलेली मुलं मधल्या सुट्टीची घंटा होताच कशी दाराकडे धावतात! तसंच झाकण उघडलं की वायू बाहेर धावतो. फस्स्स! पेय कोमट असेल तर जास्तच जोरात, कारण गार पाण्यात हा वायू जास्त वेळ टिकून राहतो.

आता जोयड्याच्या रानाकडे वळूया. कारण अर्क तिथे झाडाला लागतो!

एप्रिल-मे महिन्यात भिरंडाची झाडं लालभडक फळांनी लगडतात. आपण कोकणात ज्यांना रातांबे किंवा कोकम म्हणतो, तीच ही फळं. फळ कापून बिया काढायच्या. सालीच्या वाट्यांत काठोकाठ साखर भरायची. त्या बरणीत एकावर एक रचायच्या आणि बरणी उन्हात ठेवायची. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही!

दोन-चार दिवसांनी बघ. बरणीत लालेलाल रस जमलेला असतो! आला कुठून? सालीतूनच! साखर सालीतलं पाणी बाहेर ओढून घेते. आणि या घट्ट पाकात इतकी साखर असते की पेय नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांना जगायला पुरेसं पाणीच मिळत नाही. म्हणून हा पाक महिनोन्‌महिने टिकतो. थोडा पाक, पाच-सहा पट पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. झालं सरबत! मोठ्या कंपन्यांची युक्ती आपल्या आज्यांना कधीचीच ठाऊक होती. मला तर हे सरबत त्या बाटलीपेक्षा कितीतरी पटींनी आवडतं. ट्रक नको, घाट नको, पाणी विहिरीचं!

बियासुद्धा वाया जात नाहीत. त्यांच्यातून कोकमतेल निघतं. थंडीत भेगाळलेल्या टाचांना तेच लावतात.

आणि फसफस हवीच असेल तर? एका वाटीत थोडं कोकम सरबत घे. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाक. फस्स्! आंबट कोकम आणि सोडा भेटले की तोच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आणि लाल रंगाकडे नीट बघ. सोडा वाढवत गेलास किंवा गेलीस, तर तो जांभळट, निळसर होत चाललेला दिसेल! ही वाटी फक्त बघायची, प्यायची नाही हं.

आता एक काम तुझ्यासाठी. पुढच्या वेळी दुकानात गेलास किंवा गेलीस की शीतपेयाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाच. ती कुठे भरली, त्या गावाचं नाव तिथे छापलेलं असतं. ते गाव नकाशात शोध, पट्टी घेऊन तुझ्या गावापर्यंतचं अंतर मोज आणि ते पाणी निदान किती किलोमीटर फिरून आलं, ते आम्हाला नक्की कळव!