लोहाराचा तिसरा हात

गंगापूर रोडला आमच्या कॉलनीच्या वळणावर दरवर्षी द्राक्षांच्या छाटणीच्या सुमारास एक घिसाडी कुटुंब पाल ठोकतं. दादा सांडशीत धरलेलं तापलं लोखंड ऐरणीवर फिरवतात, वहिनी समोरून घण घालतात. गेल्या वर्षी वहिनींचा खांदा धरला. घण थांबला आणि निम्मं कामही थांबलं. माझी नोकरी टूलरूममध्ये गेली; घण घालणारं माणूस नसेल तर एकट्या लोहाराने काय करावं, हा प्रश्न मला सोडेना.

अडचण ताकदीपेक्षा हातांची आहे. कोयत्याची मुठीत जाणारी शेपटी काढायची, तर पट्टीला दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर खाच पाडावी लागते. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. मग खाच पाडायचं हत्यार धरणार कोण?

पाश्चात्त्य लोहार यासाठी ‘गिलोटिन’ नावाची चौकट वापरतात. नाव आलं ते फ्रान्समध्ये १७९२ साली वापरात आलेल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून. खालचं पातं स्थिर, वरचं दोन खांबांच्या खोबणीत सरळ वर-खाली सरकणारं. मध्ये तापलेली पट्टी घालायची आणि वरच्या पात्याच्या डोक्यावर हातोडा मारायचा. दोन्ही खाचा आपोआप समोरासमोर पडतात.

चौकटीला साधी लोखंडी पट्टी चालते. पात्यांसाठी मी भंगारातून ट्रकचा पाटा आणला. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे तो पाणी धरतो. पात्यांच्या कडा मुद्दाम गोल ठेवल्या, कारण तीक्ष्ण खाचेतून पुढे तडा जातो.

पहिली चौकट पहिल्याच दिवशी अडली. वेल्डिंग गार होताना आकसतं, त्याने खोबण आवळली गेली. शिवाय तापल्या लोखंडाचे पोपडे आत साचले. दुसऱ्या वेळी पातं आणि खांब यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटरचा पत्रा ठेवून वेल्डिंग केलं, मग पत्रा काढून घेतला. पोपडे पडून जावेत म्हणून खोबण खालून उघडी ठेवली.

दुसरी चूक जिवावर बेतली असती. वरच्या पात्याला मी डोक्यापर्यंत पाणी दिलं होतं. हातोड्याचं तोंडही कडकच. कडकावर कडक आदळलं, डोक्याची कपची उडाली आणि माझ्या चष्म्यावर बसली. नव्या पात्याची फक्त कड तेलात विझवली, मंद आचेवर तिचा ठिसूळपणा उतरवला आणि डोकं मऊ ठेवलं. मऊ डोकं मारून मारून फुलतं. फुललेली किनार वेळीच घासून काढावी लागते, नाहीतर तीही उडते.

तिसरी दुरुस्ती वहिनींची. पाश्चात्त्य ऐरणीला अशी हत्यारं बसवायला चौकोनी भोक असतं. यांच्या ऐरणीला ते नाही. म्हणून मी चौकट उंच स्टँडवर बसवली होती. वहिनी म्हणाल्या, “भाऊ, आम्ही बसून काम करतो. हे उभ्या माणसाचं झालं.” मग चौकट बाभळीच्या ओंडक्यात बोल्टाने आवळली आणि ओंडका ऐरणीशेजारी जमिनीत पुरला.

यंदा खाचा आणि शेपट्या दादा एकटेच काढतात, हातोडा एक किलोचा. पहारीचं टोक ओढायला मात्र अजून घणच लागतो. त्या कामाला ते भाच्याला बोलावतात. वहिनींना घण उचलू देत नाहीत.