खत घातले की मरणारे झाड

पिकाला खत घातले की पीक जोर धरते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण खत घातले की मरते, असेही एक झाड आहे, बरं का! त्याचे नाव सॅरासेनिया.

हे झाड अमेरिकेतले. तिथल्या पूर्व भागातल्या दलदलीत ते उगवते. त्याचे पान नळीसारखे पोकळ असते. अशा झाडांना घटपर्णी म्हणतात. घट म्हणजे घडा, पर्ण म्हणजे पान.

पानाच्या तोंडाशी गोड रस असतो. त्या लोभाने माशी येते. आत निसरडे असते. माशीचा पाय घसरतो आणि ती आत पडते. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे तिला वर चढता येत नाही. तळाशी पाचक रस असतो. त्यात माशी मरते, विरघळते. तो रस झाड शोषून घेते.

झाडाने माश्या का खाव्यात? दलदलीच्या मातीत नत्र फार थोडे असते. जे मातीत नाही, ते झाड किड्यांकडून मिळवते.

अमेरिकेतल्या पुष्कळ दलदली आता नाहीशा झाल्या. लोकांनी त्यांतले पाणी काढून तिथे शेती केली, घरे बांधली. काहींनी तर झाडेच उपटून नेली. हिरवी घटपर्णी ही त्यांतली एक जात. ती नाहीशी होण्याच्या धोक्यात आहे, असे तिथल्या सरकारने १९७९ साली जाहीर केले.

तिथले हौशी लोक अंगणातच लहानशी दलदल करतात. ती कशी करतात, पाहा. भर उन्हात दीड फूट खोल खड्डा खणतात. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. काठाच्या चार बोटे खाली त्याला भोके पाडतात, म्हणजे जादा पाणी निघून जाते. मग पीट आणि धुतलेली जाड वाळू निम्मी निम्मी मिसळून भरतात. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ साचून झालेली मऊ माती. त्यात रोपे लावतात.

पाणी पावसाचेच घालतात. नळाच्या पाण्यात बहुधा क्षार असतात. ते साचले की मुळे जळतात. खतानेही तेच होते. मांसाचा तुकडा टाकला, तर पान कुजते. माश्या झाड आपल्या आपण धरते.

थंडीत पाने वाळतात. झाड मेले असे समजून उपटू नये. ते झोपलेले असते. थंडी सरली की नवी पाने फुटतात.

रोपे मात्र रोपवाटिकेतूनच आणावी लागतात. रानातली उपटून आणली, तर अंगण भरेल, पण रान रिकामे होईल.

आपल्या देशातही मेघालयात एक घटपर्णी आहे. तिचे कूळ वेगळे, पण सवय तीच. तीही आता थोडीच उरली आहे. म्हणून तिथे बाघमारा गावाजवळ तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे. कधी तिकडे गेलात, तर ती जरूर पाहा. पण उपटू नका हो!