बंद घराची पाणीपट्टी : किती घ्यावी, कशी घ्यावी?

मे महिना आला की सोसायटीच्या सभेत दोन आवाज हमखास ऐकू येतात. आखाती देशातून सुटीवर आलेला सदस्य म्हणतो, "माझे घर दहा महिने कुलूपबंद असते. एक थेंब पाणी वापरलेले नाही, मग पूर्ण पाणीपट्टी कशाची?" त्यावर वर्षभर राहणारा शेजारी म्हणतो, "तुम्ही येता ते नेमके टंचाईच्या दिवसांत. तुम्ही आलात की आम्हाला टँकर मागवावा लागतो." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. तरीही सभा भांडणातच संपते, कारण हिशेब कोणत्या तत्त्वावर करायचा हे आधी ठरलेले नसते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न ओळखीचा आहे. कोणाचे घर नोकरीनिमित्त दुबई-कुवेतला गेलेल्या कुटुंबाचे, कोणाचे मुंबईकराचे सुटीपुरते. मुस्लिम कुटुंबे मे महिन्यात किंवा ईदला येतात, ख्रिस्ती शेजारी नाताळात येतात. घर कोणाचेही असो, प्रश्न एकच आहे. जो वर्षातून दोन महिने राहतो त्याने पाण्याचे किती पैसे द्यावेत?

पाणी फुकट, पण आणण्याचे श्रम फुकट नाहीत

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेतली पाहिजे. पाणी ही अल्लाहची देणगी आहे. पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत सर्वांची भागीदारी आहे, असे प्रेषित (स.) यांनी शिकविले. मदीनेत रूमा नावाची विहीर होती व तिचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली आणि स्वतःचा हक्क इतरांएवढाच ठेवला. मात्र फिकहच्या विद्वानांनी एक फरकही केला आहे. नदी-विहिरीतील पाणी सर्वांचे, परंतु ते पखालीत भरून दारापर्यंत आणून देणाऱ्या भिश्तीला मोबदला घेण्याचा हक्क आहे.

आजची पाणीपट्टी म्हणजे या भिश्तीचाच मोबदला होय. वसई-विरारला पाणी सूर्या नदीवरील धामणी धरणातून तसेच उसगाव व पेल्हार येथून येते. सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता रोज ४०३ दशलक्ष लिटर आहे. त्यापैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. वसईला या योजनेचे पाणी २०२३ पासून मिळू लागले. पाणी उचलणे, शुद्ध करणे, जलवाहिनीतून आणणे आणि शेवटी इमारतीच्या टाकीत चढविणे, या प्रत्येक टप्प्यावर खर्च आहे.

खर्चाचे दोन भाग

हा खर्च दोन प्रकारचा असतो. पंप चालविणाऱ्याचा पगार, टाकीची सफाई, पंप व वाहिन्यांची दुरुस्ती, पुढे नवा पंप घेण्यासाठीची शिल्लक हा पहिला भाग. घर उघडे असो वा बंद, तो होतच राहतो. पालिकेचे बिल, पंपाची वीज आणि टँकर हा दुसरा भाग. तो वापराप्रमाणे वाढतो व कमी होतो.

विजेचे बिल हातात घेऊन पाहा. त्यात स्थिर आकार वेगळा असतो आणि जळलेल्या युनिटांचा आकार वेगळा असतो. घर बंद असले तरी स्थिर आकार येतो, कारण बटण दाबताच दिवा लागावा यासाठी तारा व रोहित्र वर्षभर सज्ज ठेवावे लागतात. पाण्याचेही तसेच आहे. दहा महिन्यांनी येऊन नळ उघडताच पाणी यावे, अशी अपेक्षा असेल तर त्या दहा महिन्यांच्या तयारीचा वाटा द्यावाच लागेल. मात्र न वापरलेल्या पाण्याचे पैसे त्याच्याकडून घेणे हाही अन्यायच होय.

एक उदाहरण

समजा, २० घरांची एक सोसायटी आहे. १४ कुटुंबे वर्षभर राहतात, ६ कुटुंबे मे व डिसेंबर असे दोनच महिने येतात. १,००० लिटरचे एक युनिट धरू. कायम राहणारे कुटुंब महिन्याला १५ युनिटे वापरते. सुटीवर आलेल्या घरी पाहुण्यांचा राबता असतो म्हणून तेथे महिन्याला २० युनिटे धरू.

कायम खर्च वर्षाला ९६,००० रुपये. पालिकेचे पाणी, पंपाच्या विजेसह, युनिटामागे २० रुपये. मे महिन्यात सर्व घरे भरलेली असताना ३३० युनिटे लागतात, परंतु पालिकेकडून १३० युनिटेच मिळतात. उरलेल्या २०० युनिटांसाठी १०,००० लिटरचे २० टँकर, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे ३०,००० रुपये. वर्षाचा एकूण खर्च १,७७,२०० रुपये होतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या सोसायटीचे आकडे घालून पाहावेत.

पहिली रीत समान वाटणीची. प्रत्येक घरावर वर्षाला ८,८६० रुपये येतात. येथे दोन महिने राहणाऱ्यावर अन्याय होतो.

दुसरी रीत जितके महिने राहिले तितक्याच महिन्यांच्या आकारणीची. मग सुटीवाल्याला सुमारे १,९७० रुपये पडतात आणि कायम राहणाऱ्यावर सुमारे ११,८१० रुपयांचा बोजा येतो. येथे शेजाऱ्यावर अन्याय होतो. तोच वर्षभर पंपाकडे लक्ष देतो आणि तोच जास्त पैसे भरतो.

तिसरी रीत दोन भागांची. कायम खर्च सर्वांवर सारखा, म्हणजे घरामागे ४,८०० रुपये. अकरा महिने वापरलेल्या पाण्याला युनिटामागे २० रुपये. मे महिन्याचा खर्च टँकरसह ३२,६०० रुपये. तो ३३० युनिटांवर वाटला की युनिटामागे सुमारे ९९ रुपये होतात. या हिशेबाने कायम राहणाऱ्याला वर्षाला सुमारे ९,५८० रुपये आणि सुटीवाल्याला सुमारे ७,१८० रुपये भरावे लागतात.

सुटीवाला म्हणेल, माझा वापर अवघा ४० युनिटांचा आणि बिल एवढे? याचे उत्तर असे की त्याच्या बिलातील ४,८०० रुपये हे पाण्याचे नाहीत, सज्जतेचे आहेत. उरलेल्यात मोठा भाग मे महिन्याचा आहे, आणि मे महिन्यातील पाणी सर्वांनाच महाग पडते. दर माणसावर ठरवू नये, काळावर ठरवावा. शेतीच्या पाण्यालाही आपल्याकडे पावसाळ्यापेक्षा उन्हाळी हंगामात अधिक दर असतो, तो याच कारणाने.

टँकरची खरी किंमत तर बिलातही दिसत नाही. वसईची वाडी विहिरींवर आणि बावखलांवर उभी राहिली. टँकरसाठी बेसुमार उपसा झाला की समुद्राकाठच्या गावात विहिरीचे पाणी मचूळ होते आणि केळी-पानवेलीच्या बागा संकटात येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीने हा धोका फार पूर्वी दाखवून दिला होता. टँकरच्या महिन्यात दर चढा ठेवला तर वापर आपोआप आवरता राहतो आणि शेजारच्या बागायतदाराची विहीरही वाचते.

नियम काय सांगतात?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श पोटनियमांनुसार नोकरांच्या पगारासारखा सेवाखर्च सर्व सदनिकांवर सारखा वाटला जातो. पाण्याचा आकार मात्र प्रत्येक घरातील नळांची संख्या व आकार यांवरून ठरतो. म्हणजे कायम खर्च सारखा वाटण्याचे तत्त्व पोटनियमांत आहेच. अडचण दुसऱ्या भागाची आहे. घर बंद आहे की उघडे, हे नळांच्या संख्येवरून कळत नाही. वापराप्रमाणे आकारणी करायची असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून पोटनियमात दुरुस्ती करावी आणि निबंधकांची मंजुरी घ्यावी. केवळ समितीच्या मर्जीने दर बदलू नये.

काही ठिकाणी बंद घराकडून बिनभोगवटा शुल्क मागितले जाते. हे शुल्क घर भाड्याने दिले असेल तर लागते, निव्वळ कुलूपबंद असलेल्या घराला नाही. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

आपल्या अनेक वाचकांची मूळ घरे रायगड-रत्नागिरीच्या गावांत आहेत व तीही बहुतेक बंदच असतात. तेथे ग्रामपंचायत अधिनियम लागू होतो. त्यात सामान्य पाणीपट्टी वेगळी आणि नळाने दिलेल्या पाण्याची विशेष पाणीपट्टी वेगळी सांगितली आहे. दोन भागांचा विचार कायद्याला नवा नाही. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूर येथे घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना राबविली गेली आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी व्यवस्था ठेवली गेली. लहान गावालाही हे जमू शकते.

मीटर नसेल तर?

प्रत्येक घरात पाण्याच्या दोन-तीन वाहिन्या येत असतील तर तितकी मीटरे बसविणे महाग पडते. अशा वेळी नोंदवही ठेवावी. घर कोणत्या तारखेला उघडले, किती माणसे राहिली, कोणत्या तारखेला बंद झाले, हे रखवालदाराने लिहावे व सदस्याने त्यावर सही करावी. दहा माणसे दहा दिवस राहिली की शंभर 'माणूस-दिवस' झाले. वापराचा खर्च त्या प्रमाणात वाटावा. हिशेब अगदी काटेकोर होणार नाही, पण समान वाटणीपेक्षा तो न्यायाच्या अधिक जवळ असेल.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात :

१. दर मार्चपूर्वी ठरवावा आणि बाहेरगावच्या सदस्यांना लेखी कळवावा. सुटीवर आल्यावर हातात नवा दर ठेवू नये.

२. घर बंद करताना मुख्य वॉल बंद करावा व रखवालदाराकडून तपासून घ्यावा. बंद घरातील गळका नळ सर्वांची टाकी रिकामी करतो.

३. कायम खर्चाचा वाटा वर्षारंभी आगाऊ भरावा. थकबाकीवर पोटनियमांप्रमाणे व्याज लागू शकते. सभेला कमी दर ठरविता येतो, पण व्याजाचा प्रसंगच न येऊ देणे उत्तम.

४. टँकरची प्रत्येक पावती सूचना फलकावर लावावी.

५. विधवा, निवृत्त वा अडचणीतील सदस्याला मदत अवश्य करावी, पण ती स्वेच्छेच्या निधीतून. दुसऱ्याच्या बिलात लपवून नव्हे.

गैरहजर माणसाचा हक्क

"तो आखातात कमावतो, दोन पैसे जास्त दिले तर काय बिघडले?" असे सभेत सहज बोलले जाते. हा विचार चुकीचा आहे. सभेत हजर नसलेल्याचा हक्क ही हजर असलेल्यांकडे असलेली अमानत आहे. त्याच्या पाठीमागे बहुमताने त्याच्यावर जादा बोजा टाकणे हा खयानतीचाच प्रकार होय. त्याचप्रमाणे, घेताना पुरते माप घेणारे आणि देताना कमी देणारे यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. भरल्या टाकीचा लाभ घ्यायचा आणि ती भरून ठेवणाऱ्याचा पगार शेजाऱ्यावर टाकायचा, हेही कमी मापच झाले.

कुरआनमध्ये हजरत सालेह (अ.) यांच्या उंटिणीची हकीकत आहे. पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या, एक दिवस उंटिणीचा आणि एक दिवस लोकांचा. लोकांनी ठरलेली पाळी मोडली आणि उंटिणीला मारले, तेव्हा त्यांचा नाश ओढवला. आपल्या सोसायटीची पाळीही आधी ठरवावी, कागदावर लिहावी आणि मग ती सर्वांनी पाळावी. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पाण्याचा हिशेब दोन भागांत मांडण्याचा विषय जरूर घालावा. दहा महिन्यांनी घरी येणाऱ्याचे स्वागत वादाने होऊ नये, आणि वर्षभर पंप सांभाळणाऱ्याला आपण लुबाडले गेलो असे वाटू नये, एवढे या हिशेबाने साधले तरी पुष्कळ झाले.