खाडीतली बोट (भाग 6) : पंखा कोणता बसवावा?

मागच्या भागात इंजिनाच्या अश्वशक्तीचा हिशेब पाहिला. ती शक्ती पाण्यात उतरते ती पंख्यातून, म्हणजे प्रोपेलरमधून. इंजिनावर लाखो रुपये घालणारे अनेक जण पंखा मात्र इंजिनासोबत आलेलाच वर्षानुवर्षे चालवतात, नाहीतर शेजारची बोट जोरात पळते म्हणून तिच्यासारखा आणतात. खरे तर पंखा ठरतो तो आपली बोट नेहमी किती वजन वाहते त्यावरून, आणि तो योग्य आहे की नाही हे आरपीएम मीटर सांगतो.

पंख्याच्या मधल्या नळीवर बहुधा 13 x 17 असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी घट्ट आहे असे धरले तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर. पाणी घट्ट नसते, त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमी जाते. वेगवान बोटीत ही घट साधारण 10 ते 20 टक्के असते. इंजिन 5500 आरपीएमवर आणि गिअरचे प्रमाण 2:1 असेल, तर पंखा मिनिटाला 2750 फेरे घेतो. 15 इंच पिचचा हिशेब ताशी 63 किलोमीटरचा येतो. 15 टक्के घट धरली की 53 उरतात.

मग जास्त पिच घेतला की वेग वाढेल? इंजिनाला तो फिरवता आला तरच. भरलेली रिक्षा टॉप गिअरमध्ये पुलावर चढवली की इंजिन गुदमरते, तसेच इथे होते. आरपीएम चढत नाही, पेट्रोल जास्त जाते, इंजिनात कार्बन साठतो आणि बेअरिंगांवर ताण येतो. पिच फार कमी असेल तर उलटे: इंजिन मर्यादेपलीकडे पळते आणि बोटीला मात्र वेग येत नाही.

म्हणून चाचणी घ्या. नेहमीइतकी माणसे, नेहमीचे सामान, अर्धी टाकी पेट्रोल. मढ-वर्सोवा, मार्वे-मनोरी किंवा बोरिवली-गोराईच्या फेरीवाटेत आणि कोळी बांधवांच्या जाळ्यांजवळ ही चाचणी नको; बाहेरचे मोकळे, शांत पाणी निवडा. मुलुंड-भांडुपच्या बाजूची ठाणे खाडी तर 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. थ्रॉटल पूर्ण उघडून आरपीएम वाचा आणि इंजिनाच्या पुस्तिकेतल्या पल्ल्याशी ताडून पाहा. पल्ला 5000 ते 6000 असून मीटर 4800 वर अडला, तर पिच कमी करा. एका इंचाने साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो. म्हणजे 17 चा 15 केला की 5100 ते 5200 मिळतील. व्यास मात्र कंपनीने सांगितला तोच ठेवा.

तीन पात्यांचा पंखा बहुतेकांना पुरतो. सहा-आठ माणसे घेऊन सावकाश फिरणाऱ्या जड बोटीला चार पाती बरी: पकड चांगली, थरथर कमी, कमाल वेग थोडा कमी.

आता धातू. स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, वेग जास्त देतात. पण उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो. सकाळी खोल असलेल्या खाडीत दुपारी चिखल आणि खडक वर येतात. अशा वेळी ॲल्युमिनियमचे पाते वाकते, तुटते, आणि गिअर बहुधा वाचतो. स्टीलचे पाते सहसा टिकते, पण धक्का थेट गिअरपर्यंत जाऊ शकतो. उपनगरातल्या खाड्यांसाठी माझे मत ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे.

पंखा अधूनमधून काढून पाहा. त्याच्या मागे शाफ्टवर नायलॉनचा गळाचा दोरा किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला सापडतो. तो ऑइल सील कापतो, पाणी गिअरमध्ये शिरते आणि तेल दुधाळ होते. दोरा काढा, शाफ्टला मरीन ग्रीस लावा, स्प्लिट पिन नवी घाला. पात्याच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवा. खाच लागली तर पंखा दुरुस्तीला द्या.

आणि एक जादा पंखा, त्याचा नट, पिन आणि पाना बोटीत कायम ठेवा. ओहोटी लागलेल्या खाडीत पाते तुटले, तर तेवढ्याच सामानावर घरी परतता येते.