वाट पाहणारा छापखाना

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी लोणी, उरुळी, यवत, खुटबाव मागं टाकते आणि केडगावला थांबते. नगरजवळचं केडगाव वेगळं. हे दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. गेली बावीस वर्षं मी या स्टेशनावर उतरतो आहे, आणि त्याला कारण माझे आजोबा. ते नगरला एका छापखान्यात जुळारी होते. आमच्या घरी रमाबाईंनी भाषांतर केलेल्या बायबलची प्रत होती. आजोबा ती उघडली की वाचण्याआधी पानाच्या पाठीवर बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "हे बायकांनी जुळवलंय, बरं का." त्या एका वाक्यानं मला केडगावला नेलं.

रमाबाईंचं चरित्र वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून भरभर सांगतो. जन्म १८५८चा, दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, लग्नानंतर दोन वर्षांतच वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो विधवा आणि अनाथ मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. ख्रिस्ती मंडळीत 'सहभागिता' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. प्रार्थनेला, वचनाला, जेवणाला, दुःखाला एकत्र बसणं म्हणजे सहभागिता. आणि 'देवाची वेळ' हाही तसाच नेहमीचा शब्द. केडगावात हे दोन शब्द एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं. तिथं कुणी एकट्यानं वाट पाहिली नाही, आणि हात जोडून नुसतं बसूनही पाहिली नाही.

१९०५चंच घ्या. वेल्समध्ये आत्मिक जागृती झाल्याची बातमी आली होती. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. पाच महिने काहीही घडलं नाही. स्वयंपाक, विणकाम, शाळा आणि प्रार्थना चालू राहिली. २९ जूनच्या सुमारास जे सुरू झालं त्याला तिथले लोक 'संजीवन' म्हणतात. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वाल्पाराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पाठवली. तिचे पती विलिस हूवर तिथले मेथडिस्ट पाळक होते. ती पुस्तिका वाचून त्यांची मंडळी प्रार्थनेला बसली, आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. दौंड तालुक्यातून निघालेली ठिणगी पॅसिफिकच्या काठावर पोचली, हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत का नसावं, हे मला कळत नाही.

पण माझा जीव खरा रमतो तो मुक्ती मिशनच्या छापखान्यात. मराठीत बायबल आधीपासून होतं. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरींनी वैजनाथशास्त्रींच्या मदतीनं ते काम सुरू केलं होतं. पण त्या परंपरेतली भाषा खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरं शिकलेल्या बाईला जड जाई. शिवाय भागवत मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना संस्कृत शब्दाबरोबर कोणता अर्थ चिकटून येतो हे नेमकं माहीत होतं. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळापासून भाषांतर करायला बसल्या. हे काम दीड दशकाहून अधिक काळ चाललं. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहानं त्यांची काही वाक्यं ताठर झाली आहेत, हे मी मान्य करतो. तरी त्या ताठरपणातही मला प्रामाणिकपणाच दिसतो.

हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात, आणि 'वाट पाहणं' हे क्रियापद त्याच कुळातलं. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथं दोरीसाठीही हाच शब्द येतो. आपल्या वाट पाहण्यात रस्ता आहे, त्यांच्या वाट पाहण्यात पीळ भरलेली दोरी. त्या ओळीवर रमाबाई किती वेळ थांबल्या असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून देवनागरीचे खण शेकड्यांत जातात. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते बोटांनी ओळखून ओळ भरायची, पान बांधायचं, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, मग छपाई. आणि टाईप मोजकाच असला तर छापून झालेलं पान सोडवून एकेक खिळा आपल्या खणात परत गेल्याशिवाय पुढचं पान जुळवायला घेता येत नाही. आजोबा म्हणायचे, घाईचा माणूस या धंद्यात टिकत नाही. केडगावात हे काम मुक्तीतल्या बायका करत होत्या. दुष्काळात भुकेनं मरायला टेकलेल्या मुली उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा ग्रंथ अक्षर अक्षर करून उभा करत होत्या. काही उत्साही लेखक रमाबाईंना संपूर्ण बायबल एकटीनं भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री म्हणतात. ते खरं नाही. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांचं भाषांतर १८७६चं आहे. रमाबाईंच्या मोठेपणाला त्या पहिलेपणाची गरजही नाही.

शेवटची वर्षं कठीण होती. ऐकू येणं फार कमी झालं होतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती एक लेक. त्यानंतरही रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. केडगावात आजही सांगतात की काम पुरं होण्याइतकेच दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं होतं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडायला १९२४ उजाडलं. मधली दोन वर्षं बाई नव्हत्या. खिळे होते, खण होते आणि ते जुळवणारे हात होते.