रानवाटेची फटफटी : निवड कशी करावी?

मोटारसायकल हे वाहन आता कोणत्याही घरास नवे राहिलेले नाही. एके काळी आळीत फटफटी शिरली म्हणजे मुले तिच्यामागे धावत सुटत. आज एकेका कुटुंबाच्या दारात दोन-दोन उभ्या असतात. परंतु अलीकडे तरुण मंडळींत एक निराळाच छंद बळावत चालला आहे. कचेरीस अगर बाजारास जाण्यासाठी नव्हे, तर डांबरी सडक जेथे संपते तेथून पुढे, दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या व ओढ्यांच्या वाटेने केवळ आनंदासाठी हिंडावयाचे, आणि त्यासाठी खास बांधणीची गाडी घ्यावयाची. वसई-विरारच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास तुंगारेश्वराचा डोंगर. तेव्हा येथील तरुणांस असा मोह पडावा यात नवल ते काय?

मात्र हा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. वडील मंडळी गाडीचे नावही काढू देत नाहीत, आणि चिरंजीव चित्रे पाहून सर्वांत दांडगी गाडी मनाशी ठरवून मोकळे होतात. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाने, नोकरीस वर्ष होताच, हाच प्रश्न आमच्या घरी काढला. त्यानिमित्ताने आम्ही जी माहिती मिळविली व जो विचार केला, तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगण्याचा परिपाठ आहे. गाडी घेतानाही हेच चार प्रश्न विचारावे. फक्त आरंभ प्रयोजनापासून करावा.

प्रयोजन म्हणजे, गाडी नेमकी कशासाठी? सामान लादून दूर देशी, लडाखपर्यंत जाणे हा एक हेतू; रविवारी पहाटे निघून पारोळ-वज्रेश्वरीच्या पलीकडील कच्च्या वाटांनी फिरून दुपारी जेवावयास घरी येणे हा दुसरा. पहिल्यास मोठी, स्थिर व दमदार गाडी हवी; दुसऱ्यास हलकी व चपळ. पुष्कळ तरुण स्वप्न लडाखचे पाहतात, गाडी त्या स्वप्नाच्या मापाची घेतात, आणि फिरतात मात्र वाड्याच्या रस्त्याने. आठवड्याचे सहा दिवस जो लोकलने मुंबईस जातो, त्याने आपले वर्षातील किती दिवस खरोखर कोठे जाणार आहेत, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

आता विषय, म्हणजे प्रत्यक्ष गाडी. रानवाटेच्या गाडीचे पुढचे चाक बहुधा 21 इंची असते, कारण मोठे चाक खड्ड्यात न अडकता दगडावरून सहज चढते. चाकांस तारांचे आरे असतात. ते धक्का सोसतात. इंजिनाचे पोट जमिनीपासून उंच असते व त्याखाली संरक्षक पत्रा असतो. धक्केशोषक लांब पल्ल्याचे असतात. चाक जाम होऊ न देणारी जी एबीएस नावाची ब्रेकची यंत्रणा, ती सडकेवर जीव वाचविते. परंतु भुसभुशीत उतारावर तिच्यामुळे गाडी लवकर थांबत नाही. म्हणून ती निदान मागील चाकापुरती बंद करता येते का, हे दुकानात अवश्य विचारावे.

उदाहरणादाखल तीन गाड्या घेऊ. हीरो कंपनीने 2019 साली एक्सपल्स 200 आणली व हा छंद मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणला. तिचीच थोरली बहीण एक्सपल्स 210 ही 2025 साली आली. तिचे वजन सुमारे 170 किलो, बैठकीची उंची 830 मिलिमीटर व शक्ती सुमारे 24 अश्वशक्ती. कावासाकीची केएलएक्स 230 ही 2024 च्या अखेरीस आपल्याकडे आली. तिचे वजन अवघे 139 किलो, शक्ती 18 अश्वशक्तीच्या आसपास, परंतु बैठक 880 मिलिमीटर उंच. तिसरी रॉयल एनफील्डची हिमालयन 450, सन 2023 मधली. शक्ती 40 अश्वशक्ती, बैठक 825 मिलिमीटर, आणि वजन 196 किलो.

तरुणांची दृष्टी या आकड्यांपैकी अश्वशक्तीवर खिळते. आमच्या मते ती वजनावर खिळावयास पाहिजे. कारण रानवाटेवर गाडी पडते. नवशिक्याची पडते, मुरलेल्याचीही पडते. पडण्यात लाज नाही. परंतु पडलेली गाडी उचलावी लागते. ओढ्याच्या काठी, गुडघाभर चिखलात, मोबाईलची हाक पोहोचत नाही अशा जागी 196 किलोचा लोखंडी बैल एकट्याने उठविणे म्हणजे काय, याचा अनुभव दुकानातील गुळगुळीत फरशीवर येत नाही. यास्तव स्नेह्याकडे तशी गाडी असल्यास ती त्याच्या अनुमतीने गवतावर हलकेच आडवी करावी व एकट्याने तीनदा उभी करून पाहावी. तिसऱ्या वेळी धाप लागून हात थरथरू लागले, तर ती गाडी आपली नव्हे. जी आपणांस उचलता येते, तीच आपली गाडी.

उंचीचेही तसेच आहे. बैठकीवर बसून दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीस टेकले पाहिजेत. उतरत्या वाटेवर पाय अधांतरी राहिला तर गाडी त्याच बाजूस कलते. येथे केएलएक्सचा हलकेपणा व तिची उंची यांचा झगडा होतो, आणि बुटक्या माणसास एक्सपल्सच बरी ठरते.

द्रव्याची बाजूही लक्षात घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला; त्याहून मोठ्या इंजिनांवर तो 40 टक्के झाला. म्हणजे मोठ्या गाडीचा हव्यास आता अधिक महाग पडतो. आणखी एक सावधगिरी : केवळ शर्यतीच्या मैदानासाठी बनविलेल्या गाड्याही बाजारात मिळतात. त्यांची नोंदणी होत नाही. त्या सडकेवर आणता येत नाहीत. नावे पुष्कळदा सारखीच असतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

अधिकारी कोण? ज्यास परवाना आहे एवढ्याने तो अधिकारी होत नाही. गाडीच्या किमतीतून शिरस्त्राण, घोट्यावर चढणारे भक्कम बूट, गुडघे व कोपरे यांची कवचे आणि हातमोजे यांची रक्कम आधी वेगळी काढावी व उरलेल्या पैशांत गाडी पाहावी. पायटेकूंवर उभे राहून गाडी हाकणे, मागचा ब्रेक हलक्या पायाने लावणे, या गोष्टी मोकळ्या मैदानात शिकून घ्याव्या. एकट्याने रानात जाऊ नये. कोठे जातो व केव्हा परततो हे घरी सांगून जावे. खाऱ्या वाऱ्याच्या आपल्या प्रदेशात गाडी गोड्या पाण्याने वरचेवर धुवावी आणि साखळीस तेल घालावे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढतो.

राहिला संबंध, आणि तो सर्वांत नाजूक. ही वाट कोणाची? तुंगारेश्वराचे रान 2003 साली अभयारण्य झाले. सुमारे 85 चौरस किलोमीटरचा तो टापू बिबट्यांचा व हरणांचा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात अनुमतीवाचून शिरता येत नाही. मग तेथे फटफटी घालण्याची गोष्टच दूर. अर्नाळ्याच्या वाळूवर कोळी बांधव मासळी सुकवितात. ते त्यांचे अंगण समजावे. पाड्यांलगतचे भाताचे बांध शेतकऱ्याने हाताने रचलेले असतात. एका चाकाने फुटलेला बांध त्याच्या वर्षाच्या अन्नास धक्का लावतो. म्हणून गाव-रस्ता असेल तेथेच जावे, खाजगी जागेत विचारून जावे, आणि वस्तीतून जाताना वेग व आवाज दोन्ही उतरवावे.

आमच्या घरचा निर्णय असा झाला की, पुतण्याने गाडी घ्यावी. पण 350 च्या आतली, स्वतः उचलता येईल अशी, आणि कवचांची रक्कम आधी बाजूस काढून. त्याच्या आईने एक अट जोडली, अंधार पडण्यापूर्वी घरी. ती त्याने विनातक्रार मान्य केली. वडील मंडळींस आमचे सांगणे एवढेच की, सरसकट नकार दिल्याने छंद सुटत नाही; तो घराबाहेर, उसन्या गाडीवर व उघड्या डोक्याने चालू राहतो. त्यापेक्षा मुलाशेजारी बसून हे चार प्रश्न त्यास विचारावे. उत्तरे नीट आली तर गाडीही नीटच येईल.